जलरंगातला तांब्या कसा पाहावा

प्रदर्शनात गर्दी असते ती घाटांच्या चित्रांपुढे. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीच्या पायऱ्या, हरिपूरचा संगम, फुललेलं कास पठार. ओळखीची जागा सापडली की लोक एकमेकांना बोट करून दाखवतात. त्याच भिंतीवर कडेला एखादा पितळी तांब्या असतो. त्याच्यापुढे "अगदी खरा वाटतो हो" एवढं म्हणून मंडळी पुढे सरकतात.

जलरंग पाहायला शिकायचं तर सुरुवात या तांब्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. घाटाचं चित्र बघताना आपण अर्धा वेळ घाटच आठवत असतो; तिथे खाल्लेली भेळसुद्धा चित्राच्या गुणांत जमा होते. तांब्यात आठवण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे चित्रकाराने काय केलं तेवढंच समोर उरतं. शिवाय तांब्या तुम्ही चित्रकाराइतकाच ओळखता. तो हातात धरलेला आहे, घासलेला आहे, कधीतरी पायावर पाडून घेतलेला आहे. म्हणून या एका विषयात चित्रकाराला उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

उदाहरणादाखल एक चित्र मनाशी धरू. पाव इम्पीरियल कागद, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घराचा दगडी ओटा, त्यावर पाण्याचा पितळी तांब्या. उजेड डावीकडच्या खिडकीतून. काठाला एक पोचा, पोटावर कुणाचं तरी नाव घातलेलं. बाकी भिंत. बस्स.

पहिली पायरी: आधी स्वयंपाकघरात जा

चित्रापुढे उभं राहण्याआधी घरातला खरा तांब्या काढा. पितळेचा नसला तर तांब्याचा किंवा स्टीलचाही चालेल. तो खिडकीजवळ ठेवा आणि घरातले दिवे बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की काही कळत नाही. आता चार गोष्टी बघा.

तोंडाचा गोल आणि बुडाचा गोल. बसून पाहिलंत तर तोंड चपटं लंबवर्तुळ दिसतं. बूड नजरेपासून जास्त खाली असतं, म्हणून त्याचा गोल तोंडापेक्षा अधिक फुगीर दिसायला हवा. चित्र काढताना बहुतेकांचा हात इथेच चुकतो. तांब्या सपाट ओट्यावर टेकलाय हे डोक्याला ठाऊक असतं, म्हणून हात बुडाची रेघ सरळ मारतो आणि तांब्या जागेवरून उचलल्यासारखा दिसतो.

पोटावरची खिडकी. नीट पाहिलं तर पितळेवर चकाकी म्हणून जे दिसतं ती खिडकी असते, गजांसकट, वाकलेली. तांब्या कधी घासला होता हेही तिथेच कळतं. काल चिंच-मीठ लावून किंवा पितांबरीने घासलेल्या तांब्यावर खिडकीची कड धारदार असते. महिनाभर तसाच राहिलेल्या तांब्यावर ती विरघळलेली असते.

सगळ्यात गडद पट्टा. तो उजव्या कडेला असेल असं वाटतं, पण तो कडेच्या जरा अलीकडे असतो. कडेवर ओट्यावरून उसळलेला उजेड पडतो आणि तिथे रंग पुन्हा थोडा उघडतो.

आणि आतली बाजू. कल्हई केलेला तांब्या आतून पितळी नसतो. कथलाचा थर राखाडी-पांढरा, थंड. जिथे कल्हई उडाली असेल तिथे पिवळा डोकावतो. पितळी पातेल्यात ताक का कळकतं हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात हा फरक शिकवावा लागत नाही. चित्रात मात्र तो क्वचित दिसतो. दिसला तर समजा, चित्रकाराने तांब्यात वाकून पाहिलंय.

एवढ्याला दहा मिनिटं पुरतात. ही दहा मिनिटं चुकवून थेट चित्राकडे गेलात तर पुढच्या पायऱ्यांना फारसा अर्थ राहत नाही.

दुसरी पायरी: लांबून, डोळे बारीक करून

आता चित्र. सात-आठ पावलं मागे जा आणि डोळे इतके बारीक करा की तपशील बुडतील. उरतील ते दोन-तीन मोठे आकार: उजेडाचा, मधल्या छटेचा, अंधाराचा. हे तीन तुकडे स्पष्ट वेगळे दिसले तर चित्राचा पाया पक्का आहे. सगळं एकाच मध्यम पिवळट-तपकिरी रंगात मिसळलं तर जवळ जाऊन कितीही बारकावे दिसोत, तांब्या गोल होणार नाही.

फोन हाताशी असेल तर चित्राचा फोटो घ्या (परवानगी विचारून) आणि तो कृष्णधवल करा. छटांचा हिशेब लगेच उघडा पडतो. मग तोच फोटो डावा-उजवा उलटा करा. चित्रकार हीच तपासणी आरशात बघून करतात. तांब्या एका बाजूला कलला असेल किंवा दोन्ही खांदे सारखे नसतील, तर उलट्या फोटोत ते एकदम टोचतं. आपल्या चित्रातला पोचा सोडून. पोचा मुद्दाम असतो, आणि तो असमान असेल तरच पोचा वाटतो.

रचनेबद्दल फार बोलण्याचं कारण नाही. तांब्या बरोबर मध्यावर आहे की थोडा सरकवलाय, त्याच्या डोक्यावर मोकळी जागा किती, सावली कागदाबाहेर पळते की आत थांबते, एवढं पाहिलं की पुढे चला.

तिसरी पायरी: कोरा कागद शोधा

इथे वेळ घालवा. जलरंगाचा सगळा कस इथे लागतो.

तैलरंगात चकाकी शेवटी येते. सगळं रंगवून झालं की चित्रकार कुंचल्यावर घट्ट पांढरा घेतो आणि ठिपका ठेवतो. हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर औंधला जा. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं हे गाव, यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी हौसेनं जमवलेला संग्रह १९३८ सालापासून तिथे लोकांसाठी मांडलेला आहे. राजा रविवर्मा यांची तैलचित्रं तिथे आहेत, त्यांत 'सैरंध्री' आहे. रविवर्मांच्या चित्रांपुढे एकच काम करा: दागिन्यांवरची चकाकी बाजूने बघा. ती गडद रंगावर वरून बसवलेली असते. सुट्टीचा वार आधी विचारून निघा म्हणजे हेलपाटा होणार नाही.

जलरंगात याच्या उलट चालतं. रंग पारदर्शक असतो. उजेड त्यातून कागदापर्यंत जातो आणि कागदावरून परत डोळ्यांत येतो. म्हणून सगळ्यात उजळ जागा म्हणजे न रंगवलेला कागद. आपल्या तांब्यावरची ती वाकडी खिडकी कुणी रंगवलेली नाही, ती सोडलेली आहे. ती कुठे असणार, केवढी असणार, तिची कुठली कड धारदार ठेवायची, हे पहिला कुंचला भिजवण्याआधी ठरवावं लागतं. एकदा पिवळा वाहिला की ती जागा पुन्हा तितकी पांढरी होत नाही.

म्हणून चित्रात पांढरा दिसला की विचारा: हा सोडलेला, की नंतर काढलेला, की वरून घातलेला?

सोडलेल्या पांढऱ्याचा रंग चित्राच्या समासातल्या कागदासारखाच असतो. त्याच्या कडेला कुंचल्याचं वळण दिसतं, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळतं.

ओला कुंचला किंवा टिपकागद लावून उचललेला पांढरा मऊ असतो, आणि मागे रंगाची हलकी छाया राहते. काही रंग कागदात इतके मुरतात की उचलता येत नाहीत. थॅलो निळा, थॅलो हिरवा हे त्यांतले.

ब्लेडने खरवडलेल्या पांढऱ्यात कागदाचे तंतू उठलेले दिसतात. चित्राकडे तिरकं बघा, खडबडीतपणा जाणवतो. इंग्लिश चित्रकार टर्नर हे सर्रास करायचे.

मास्किंग फ्लुइड, म्हणजे रबरासारखा द्रव लावून झाकलेला आणि रंग वाळल्यावर सोलून काढलेला पांढरा, ओळखायला सोपा. त्याच्या कडा सगळीकडून सारख्याच कडक, दोन्ही टोकं बोथट.

आणि शेवटचा, वरून घातलेला अपारदर्शक पांढरा. तो कागदापेक्षा थोडा निळसर, मॅट दिसतो आणि रंगाच्या वर बसलेला जाणवतो.

काही जाणकार हा शेवटचा पांढरा दिसला की नाक मुरडतात. मला तो सोवळेपणा पटत नाही. काठावर एकच बारीक तेज ठिपका हवा असेल आणि तो वरून ठेवला, तर बिघडलं काय? बिघडतं तेव्हा, जेव्हा तांब्याची अख्खी चकाकी अशी थापलेली असते. मग बाकीचा तांब्या पारदर्शक, चकाकी पुट्टीची, आणि दोघांचं जमत नाही.

चौथी पायरी: पाण्याचा माग काढा

जलरंगाच्या चित्रात कामाचा क्रम वाचता येतो. तेलात खालचे थर झाकले जातात, इथे ते वरच्या थरांतून दिसत राहतात. हलक्याकडून गडदाकडे, हा साधारण प्रवास.

पहिला थर शोधा. जिथे एकच रंग एकदाच वाहिला आहे अशी जागा, बहुधा तांब्याच्या उजेडाकडच्या बाजूला. पितळेसाठी ती यलो ऑकर किंवा रॉ सिएना या मातकट पिवळ्या रंगांची पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पसरलेला रंगाचा थर, असते. मग नजर सावलीकडे न्या आणि थर मोजा. त्यावर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, मग त्यात अल्ट्रामरीन हा निळा मिसळून केलेला गडद. चांगल्या कामात हे तीन-चार थरांत संपतं. आठ-दहा थर चढवलेले असतील तर रंग मळतो. उजेड कागदापर्यंत पोचतच नाही आणि पितळ जाऊन पुठ्ठा होतो.

आता कडा. प्रत्येक कड त्या वेळी कागद किती ओला होता ते सांगते. मऊ, आत विरघळलेली कड म्हणजे खालचा थर ओला असतानाच दुसरा रंग सोडला. कडक कड म्हणजे चित्रकार थांबला, वाळू दिलं, मग पुन्हा आला. तांब्याच्या पोटावरची वळणारी छाया मऊ हवी. गळ्याखालची सावली कडक हवी, कारण तिथे एक पृष्ठभाग दुसऱ्याच्या मागे जातो. हे दोन्ही जागच्या जागी असलं की तांब्या हातात घ्यावासा वाटतो. उलट झालं तर काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलेलं जाणवतं.

वाळलेल्या वॉशच्या काठाला एक बारीक गडद रेघ दिसते. ती कुणी काढलेली नसते. थेंब वाळताना त्याची कड कागदाला चिकटून राहते आणि तिथलं पाणी वेगाने उडतं; ती भर काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण तिथे नेऊन टाकतं. कपाखाली सांडलेल्या चहा-कॉफीच्या डागाला गडद कडा येते ती याच कारणाने. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ही क्रिया नीट उलगडून दाखवली. जलरंगवाले ती त्याआधी कित्येक पिढ्या वापरत आले होते. आपल्या चित्रात तांब्याच्या काठावर अशी एक आपोआप आलेली रेघ सापडली आणि ती बरोबर पितळेच्या घडीवर पडली असेल, तर तो योगायोग नाही. कुंचल्यात पाणी किती ठेवायचं हे ज्याला कळतं त्यालाच ती हवी तिथे मिळते.

मग फुलोरा. वॉश अर्धवट वाळली असताना वरून जास्त पाणी पडलं, तर ते पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारख्या दातेरी कडेचा डाग उमटतो. नवशिक्यांकडे हा अपघात असतो. जुन्या भिंतीची ओल दाखवायला तोच मुद्दाम आणतात. कुठला अपघात आणि कुठला हेतू, हे ठरवायला जागा बघा: भिंतीवर शोभतो, तांब्याच्या पोटावर खुपतो.

इथे आपल्याकडच्या हवेचाही हात असतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये वॉश मारता मारता वाळते, कुंचला परत येईपर्यंत कड कडक झालेली असते. साताऱ्याच्या जुलैत तोच कागद अर्धा तास ओलसर राहतो. चित्राखाली तारीख असेल तर ती वाचा आणि मग पुन्हा कडांकडे बघा.

कणांचं काय? काही रंग कागदावर दाणेदार बसतात. अल्ट्रामरीन हा त्यातला ठळक. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि सावलीला बारीक पोत येतो. दगडी ओट्याच्या सावलीत हा दाणेदारपणा असेल तर दगड न काढताही दगड आला. हाच पोत पितळेवर असेल तर शंका घ्या. घासलेलं पितळ गुळगुळीत असतं.

कागदाचा वाटा यातच येतो. गुळगुळीत, मध्यम आणि खरबरीत असे तीन प्रकार. खरबरीत कागदावरून जवळजवळ कोरडा कुंचला झपकन ओढला की रंग फक्त उंचवट्यांवर लागतो आणि मधले खळगे पांढरे चमकतात. ओट्याच्या उजेडाकडच्या कडेवर असं काही दिसलं तर तो एकाच फटक्यातला आहे. दुसऱ्यांदा गिरवला असता तर खळगे भरले असते. तीनशे ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या वजनाचा) कापसाचा कागद पाणी पचवतो. साधा कार्ट्रिज पेपर, म्हणजे नेहमीचा ड्रॉइंगचा कागद, लाटेसारखा फुगतो आणि वॉश खोलगट जागी साचते. चित्रात पट्ट्यापट्ट्यांनी रंग साचलेला दिसला तर आधी कागदाला दोष द्या, मग माणसाला.

पाचवी पायरी: धातू धातूसारखा वागतो का?

ज्या घरात पितळ, माती आणि चिनी माती शेजारी शेजारी नांदतात तिथल्या माणसाला हे कळतं, फक्त शब्दांत मांडलेलं नसतं. चिनी मातीच्या निळ्या बरणीवरचा चमकणारा ठिपका निळा नसतो, तो खिडकीच्या उजेडाच्या रंगाचा असतो. पितळ आणि तांबं मात्र परतलेल्या उजेडालाही आपला रंग देतात. म्हणून पितळी तांब्यावर अगदी झगझगीत ठिपका पांढरा दिसला तरी त्याच्या भोवतालची चमक पिवळसर असावी लागते. पांढऱ्यावरून एकदम तपकिरीवर उडी घेतली तर तो तांब्या प्लॅस्टिकचा होतो.

दुसरी खूण म्हणजे उड्या. मातीच्या माठावर उजेडापासून अंधारापर्यंत छटा हळूहळू उतरते. घासलेल्या धातूवर ती उड्या मारते: उजळ पट्टा, त्याला लागूनच काळपट पट्टा, मग पुन्हा मध्यम. धातू आपली छटा कमी आणि आजूबाजूची जास्त दाखवतो. तांब्याच्या खालच्या अर्ध्यावर ओट्याचा करडा रंग, वरच्या अर्ध्यावर भिंतीचा. भिंत निळी असेल आणि तांब्यात निळ्याचा मागमूस नसेल, तर तांब्या आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी रंगवल्यासारखे दिसतात.

सावलीतलं पितळ कुठल्या रंगाचं आहे तेही बघा. पिवळ्यात काळा घातला की शेवाळी हिरवट रंग तयार होतो. पितळात थोडी हिरवट झाक खपून जाते, जास्त झाली की कळकट वाटते. जाणते लोक काळी ट्यूब बाजूला ठेवतात आणि बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळून गडद करतात. तो गडद ऊबदार राहतो आणि जिवंत दिसतो.

पोटावर घातलेलं नाव. लग्नात आलेल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ही नावं आपल्याकडे घरोघरी आहेत. चित्रकाराने नाव स्पष्ट लिहिलं असेल तर डोळा आधी वाचायला लागतो आणि तांब्या पाट्यांत जमा होतो. मला आवडतात ती चित्रं ज्यांत पाच-सहा ठिपके आहेत, ते पोटाच्या गोलाईबरोबर वळलेत, आणि कुणाचं नाव ते कळत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. वस्तुचित्राला शेवटी गडद बाह्यरेषा मारून 'फिनिशिंग' करायचं, हे आपल्यातल्या पुष्कळांच्या हाताला लागलेलं असतं, आणि डोळ्यालाही. मग बाह्यरेषा नसलेलं चित्र अपुरं वाटतं. आपल्या तांब्याची डावी कड बघा: उजेडाकडची ती बाजू भिंतीत जवळपास हरवली आहे. तिथे रेघ नाही, तरी तांब्या कुठे संपतो ते डोळा बरोबर भरून काढतो. ती कड हरवलेली राहू देणं हे चित्रकाराचं धाडस आहे, आणि तिथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

सहावी पायरी: सावली

तांब्या ओट्यावर टेकतो तिथे, बुडाला लागून, सगळ्यात गडद आणि सगळ्यात बारीक सावली असते. ती नसेल तर तांब्या तरंगतो. तिथून सावली जसजशी लांब जाते तसतशी कड मऊ होते आणि रंग फिका. पूर्ण सावली एकाच करड्या रंगाने, एकाच धारेने कापलेली असेल तर ती कागदाची कात्रण वाटते.

पितळी भांड्याच्या सावलीत आणखी एक गंमत असते. उन्हात ठेवलेला तांब्या ओट्यावर पिवळसर उजेडाचा एक वाकडा कवडसा फेकतो. तो चित्रात असेल तर खुशाल दाद द्या.

सावलीवरून आठवलं. घरातल्या साध्या वस्तूचा उजेड जलरंगात कुठवर नेता येतो याचा आपल्याकडचा दाखला म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप'. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२. हातात दिवा घेतलेली, ज्योतीआड तळहात धरलेली स्त्री. बोटांच्या फटींतून आणि बोटांच्या मांसातूनही तांबूस उजेड झिरपतो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हे चित्र आहे, आणि कितीतरी लोक ते रविवर्मांचं तैलचित्र समजतात. घरोघरी लागलेल्या त्याच्या छापील प्रतीसमोर उभं राहून तिसरी पायरी करून बघा: सगळ्यात उजळ जागा कुठे, आणि तिच्या भोवती अंधार किती थरांनी, किती मऊपणे आणलाय. छापील प्रतीत कागदाचा पोत कळणार नाही, छटांचा हिशेब कळेल.

सातवी पायरी: चित्रकार समोर असेल तर

"किती वेळ लागला?" हा प्रश्न टाळा. जलरंगात चाळीस मिनिटांचं चित्र चार दिवसांच्या चित्रापेक्षा सरस असू शकतं, आणि उत्तराने तुम्हाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा विचारा: "ही खिडकी आधी सोडली होती का?" "भिंत आधी केली की तांब्या?" "सर, इथे पाणी आपोआप गेलं की तुम्ही नेलंत?" असा प्रश्न आला की चित्रकार खुलतो, हातवारे करून सांगायला लागतो. आणि हा विषय का, असं विचारलंत तर बहुधा "घरी होता म्हणून" एवढंच उत्तर येईल. ते खरं मानावं. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०३ साली जलरंगात गवताचा एक साधा गड्डा रंगवला. पाचशे वर्षांनंतरही लोक व्हिएन्नात तो बघायला जातात. त्यालाही तो कुठल्या तरी बांधावरच मिळाला असणार.

एकदा स्वतः करून बघा

चित्रकार व्हायचं नाही, फक्त डोळा तयार करायचा, तरी एक दुपार द्या. बर्न्ट सिएनाची एक ट्यूब, एक बऱ्यापैकी गोल कुंचला, दोन वाट्या पाणी, जाड कागद. समोर तांब्या. पेन्सिलीने आकार, आणि चकाकीची खिडकी आधीच आखून घ्या. तेवढी जागा सोडून सगळ्या तांब्यावर पातळ वॉश मारा. ती ओली असतानाच उजव्या बाजूला घट्ट रंग सोडा आणि हात मागे घ्या. पूर्ण वाळू द्या. मग गळ्याखालची आणि बुडाची सावली कडक कडेने. इथे संपलं.

रंग वाळल्यावर फिका झालेला दिसेल. जलरंगात तसंच होतं, आणि चित्रकार ते आधीच धरून चालतो. कड हवी तिथे थांबणार नाही. सोडलेली खिडकी चुकून बुजेल. त्यानंतर भिंतीवरच्या तांब्यापुढे जा. आधी जे सहज वाटलं होतं त्यातलं किती अवघड होतं, ते मनगटाला कळलेलं असतं.

विकत घेतलंत तर

जलरंग म्हणजे रंगाचे कण आणि डिंक. बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडांचा हा डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. म्हणजे चित्राचे शत्रू दोन: ऊन आणि ओल. रसेल आणि अ‍ॅबनी या दोघा इंग्लिश शास्त्रज्ञांनी १८८८ सालच्या आपल्या अहवालात दाखवलं होतं की उजेडाने अनेक जलरंग उडतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याला हवा आणि ओलाव्याची साथ लागते. अलिझरिन क्रिमसनसारखे लाल रंग यात कच्चे. पितळेचे मातकट पिवळे आणि सिएना टिकाऊ. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. घरी एवढं मोजायला नको, पण थेट उन्हाची भिंत आणि ट्यूबलाइटखालची जागा टाळा.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. काचेला चित्र टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवं. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, नाहीतर काही वर्षांत कागद कडेने पिवळा पडतो. चिकटवायला सेलोटेप किंवा फेव्हिकॉल नको, वरच्या बाजूला दोन ठिकाणी पातळ कागदाच्या पट्टीने, खळ लावून टांगायचं.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण आणि जतकडे साधारण त्याचा दहावा हिस्सा. तेव्हा सल्ला गावागणिक बदलतो. जावळी-पाटणकडे बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका. आतल्या भिंतीवर, फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून, म्हणजे वारा खेळतो. दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागे कसर लागली का बघा. माणदेशात ओलीपेक्षा धुळीचा त्रास, तिथे मागची बाजू कागदाने नीट बंद करून घ्या.

सांगलीत कृष्णाकाठच्या घरांना वेगळा हिशेब आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना सांगायला नको की तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात कागदावरचं काही ठेवू नये. तरी भिजलंच तर पुसू नका, पुसलं की रंग सुटतो. काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, काचेसकट तसंच राहू द्या आणि जाणकाराकडे न्या. सुटं असेल तर रंगाची बाजू वर करून टिपकागदावर आडवं ठेवा, खालचा टिपकागद बदलत राहा, सावलीत पंख्याचा वारा दुरून लागू द्या. वाळून कागद वाकडा झाला तरी इस्त्री फिरवू नका.